पाठकोऱ्यांचा गठ्ठा आणि एक बस

पुण्याच्या पेठेत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर निसर्गसहली नेणाऱ्या एका संस्थेचं कार्यालय आहे. दोन खोल्या, चार टेबलं आणि छपाईयंत्राशेजारी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. फेब्रुवारी उजाडला की इथे श्वास घ्यायला सवड नसते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडली जातात, त्याचा हा हंगाम. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. आता तिथे कासव महोत्सव भरतो आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवतात.

मी बसलो होतो त्या दिवशी नोंदणीचे फोन वाजत होते आणि नव्याने आलेला मुलगा सहभागींच्या यादीची छापील प्रत काढायला निघाला होता. “कोऱ्यावर नको, गठ्ठ्यातला घे,” कार्यालय सांभाळणाऱ्या ताई मान वर न करता म्हणाल्या. यादी प्रवासापर्यंत चारदा बदलते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक. बाहेर जाणारं पत्र तेवढं कोऱ्या कागदावर. गठ्ठ्यात जाण्याआधी प्रत्येक कागदाची स्टेपलरची पिन काढतात, कारण ती यंत्रात अडकते. ज्यांवर लोकांचे आधार क्रमांक आहेत ते कागद मात्र फाडून वेगळे ठेवतात. ही काळजी मी मोठमोठ्या कार्यालयांतही पाहिलेली नाही.

कागदाचं खरं दुखणं हिशेबात आहे. पेट्रोल पंपाची, टोलची पावती उष्णतेने छापलेली असते. काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात आणि लेखापरीक्षकाला तर पुरावा हवा. म्हणून प्रत्येक पावतीची झेरॉक्स. एका चिटोऱ्यासाठी अख्खं पान जायचं, म्हणून आता एका पानावर सहा-सात पावत्या मांडून एकच प्रत काढतात. मूळ पावती रद्दीतही घालत नाहीत, कारण तिच्यावरचं रसायन कागदाच्या लगद्यात जाणं बरं नाही.

सहभागींना पूर्वी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळे. ते बंद केलं, कारण प्लास्टिक चिकटलेला कागद रद्दीवालाही घेत नाही. काही पालक नाराज झाले, होऊ देत. फ्लेक्सच्या जागी कापडी फलक आला, आणि त्यावर मुद्दाम साल घातलेलं नाही, म्हणजे दर वर्षी तोच टांगता येतो. चहा स्टीलच्या पेल्यांतून मिळतो. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतोच. ओला-सुका कचरा वेगळा करून कचरावेचक ताईंकडे जातो. खोलीत एसी नाही. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, तो बिघडला की तिशीच्या आसपास वॅट घेणारा बीएलडीसी लावतात. चालता पंखा उगाच काढत नाहीत, आणि हे मला पटतं. चांगली वस्तू फेकून नवी ‘हिरवी’ वस्तू आणण्याची हौस आपल्याकडे फार वाढली आहे.

तरीही पंखे आणि पाठकोरे कागद ही या कामातली चिल्लर आहे. पुण्याहून वेळास सुमारे दोनशे किलोमीटर, जाऊन-येऊन चारशे. लिटरला पंधरा किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला २७ लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे साठ किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आत चार माणसं, तर माणशी पंधरा किलो. लिटरला चार किलोमीटर देणारी बस शंभर लिटर डिझेल जाळते, पण पस्तीस जणांत वाटणी केली की माणशी साडेसात-आठ किलो पडतात. म्हणजे निम्मंच. नुसता कागद वाचवून ताईंना एवढा पल्ला गाठता येणार नाही.

म्हणून या कार्यालयातलं सगळ्यांत पर्यावरणपूरक काम टेलिफोनवर चालतं. “आम्ही आमच्या गाडीने येतो” म्हणणाऱ्याला बसमध्ये बसवायचं काम. ताई भांडत नाहीत. घाटातली वळणं सांगतात, पहाटे किनाऱ्यावर जायचं असल्याने चालकालाही झोप हवी याची आठवण करून देतात. निम्मे लोक ऐकतात. उरलेल्यांना निदान एकमेकांच्या गाडीत जागा शोधून देतात, आणि हे मात्र कुठल्याच अहवालात नोंदलं जात नाही.

तुम्ही यंदा वेळासची नोंदणी करणार असाल, तर ‘गाडी लावायला जागा आहे का’ हे विचारण्याआधी बसमध्ये जागा आहे का, ते विचारा.