करोनानंतरचा ताप आणि ओरत्तनाडुचा दवाखाना

करोनाचा संसर्ग होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांना पुन्हा कडक ताप भरतो, पोट दुखते, उलट्या-जुलाब होतात, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ उठते आणि कधी कधी एक-दोन दिवसांतच रक्तदाब खाली जाऊन मूल गळून पडते. 'मिस-सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात विषाणूने केलेल्या हानीपेक्षा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच अवयवांवर उठवलेला दाह अधिक घातक ठरतो. एप्रिल 2020 मध्ये लंडनच्या डॉक्टरांना अशी मुले प्रथम आढळली, तेव्हा जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी 1967 मध्ये वर्णिलेल्या, हृदयाच्या रोहिण्या फुगवणाऱ्या आजाराची त्यांना आठवण झाली. मात्र ही मुले वयाने मोठी होती आणि त्यांचे हृदय अधिक लवकर थकत होते.

भारतात 2020 मध्येच चेन्नईच्या एका बालरुग्णालयातून 19 मुलांची आणि मुंबईच्या रुग्णालयांतून 23 मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. मुंबईतील सुमारे दोन तृतीयांश मुले रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत आली होती, चौथ्या हिश्श्याच्या आसपास मुलांच्या हृदयरोहिण्या फुगल्या होत्या. तरीही त्यांपैकी एकच मूल दगावले. जवळजवळ सर्वांना स्टेरॉइड दिले गेले होते, इम्युनोग्लोब्युलिन मात्र दोन तृतीयांशांनाच. दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढून बनवलेले हे औषध दर किलो वजनाला 2 ग्रॅम या मात्रेने शिरेतून तासन्‌तास सोडावे लागते. वीस किलोच्या मुलाला 40 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या, आणि त्यांचा खर्च शेतमजुराच्या घराला पेलणारा नाही.

उपचारांची दिशा पुढे बदलली ती काही अंशी याच हिशेबाने. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या निरीक्षणांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते: एकात इम्युनोग्लोब्युलिनला स्टेरॉइडची जोड दिल्याने हृदयाची हानी कमी दिसली, तर दुसऱ्यात उपचारांमध्ये ठळक फरक आढळला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील अशा मुलांना आधार-उपचारांसोबत स्टेरॉइड द्यावे, अशी सशर्त शिफारस केली. श्रीमंत देशांत आजही दोन्ही औषधे एकत्र देण्याकडे कल आहे, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण स्वस्त औषधालाही प्रतिष्ठा मिळाली, ही बाब गरीब जिल्ह्यांच्या दृष्टीने अधिक मोलाची.

आजार सौम्य झाला, असे सर्रास म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. ओमायक्रॉननंतर तो दुर्मीळ झाला: अमेरिकेत 2023 मध्ये 117 मुलांची नोंद झाली आणि आजाराचे प्रमाण 2020-21 च्या शिखराच्या तुलनेत 98 टक्क्यांनी घटले होते. पण त्या 117 पैकी सुमारे निम्म्या मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, आणि लस घेण्यास पात्र असलेल्यांपैकी बहुतेकांनी ती घेतलेली नव्हती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काही मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे विषाणूच्या प्रथिनाशी साम्य असलेल्या 'एसएनएक्स-8' या मानवी प्रथिनावर चालून जाताना दिसली. सर्वच मुलांचे कोडे मात्र त्याने सुटलेले नाही.

दुर्मीळ झालेला आजार ओळखण्याचा भार आता तालुक्याच्या दवाखान्यावर येतो, आणि तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडुसारख्या भातशेतीच्या गावी तो हलका नाही. येथील मुक्तांबाळ छत्र हे तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी वाटसरूंसाठी उभारलेले धर्मादाय अन्नछत्र; राजांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांमधील वैद्यांचा, अनाथ मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांचा आणि तान्ह्यांच्या दुधाचा उल्लेख आहे, म्हणजे वाटसरूच्या मुलाचे आजारपण ही राज्याची जबाबदारी तेव्हाही मानली जात होती.

आज अशा गावी ताप, पुरळ आणि घसरता रक्तदाब घेऊन आलेल्या मुलात डॉक्टरला प्रथम डेंग्यू आणि स्क्रब टायफस यांचाच संशय येतो, आणि तो रास्तच असतो. डेंग्यूत शिरेतून द्रव मोजून-मापून द्यावा लागतो. मिस-सीत दुबळे झालेले हृदय तोच द्रव सहन करू शकत नाही. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन लागते, आणि तो ध्यानात न घेता केवळ स्टेरॉइड सुरू केले तर मूळ जंतू तसाच राहतो. म्हणून काखेत आणि जांघेत स्क्रब टायफसची काळी खपली शोधणे, मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्याने रक्तदाब मोजणे, महिन्या-दीड महिन्यात घरात कुणाला खोकला-ताप होता का हे आईला विचारणे, आणि शंका राहिल्यास हृदयाच्या सोनोग्राफीसाठी तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवणे, यांपैकी कशालाही महागडी यंत्रसामग्री लागत नाही.