हक्कसोडीची सही

मालवणच्या दक्षिणेला कर्लीची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये देवबागची चिंचोळी पट्टी आहे. माडांवर आणि मासेमारीवर जगलेल्या या किनाऱ्यावर पर्यटन आले आणि वाळूच्या गुंठ्यालाही भाव आला. भाव आला की कोकणात जुने सामाईक सातबारे बाहेर निघतात. त्यांवर आजा-पणज्याची नावे असतात आणि निम्मे वारस मुंबईला असतात. मग गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद येतो : "बाय, हंयसर सही कर. नुसता नाव कमी करूचा आसा." हा कागद बहुधा हक्कसोडपत्राचा मसुदा असतो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. या मायेची किंमत मात्र तिला कोणी सांगत नाही.

ही किंमत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखली होती. हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना समान वाटा दिला. मात्र वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्माने हिस्सेदार झाली ती महाराष्ट्रात १९९४ साली, तीही त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. त्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

बौद्ध झालेल्या कुटुंबांना हा कायदा लागू नाही, असा एक गैरसमज आहे. तो खोटा आहे. या कायद्याच्या कक्षेत बौद्धही येतात.

कार्यकर्त्यांनी चार गोष्टी वस्तीवस्तीत सांगितल्या पाहिजेत. पहिली, मृत्यूनंतर ३ महिन्यांत तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी कळवावे. पण फेरफारात नाव आले नाही म्हणून वारसा बुडत नाही. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. दुसरी, जमिनीवरील हक्क सोडण्याचा दस्त नोंदवावा लागतो. तेव्हा दुय्यम निबंधकापुढे उभे राहण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. फसवून सही घेतली असल्यास फसवणूक उघड झाल्यापासून ३ वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा लावता येतो. तिसरी, स्वतःच्या मिळकतीचे मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. दोन साक्षीदार मात्र हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. चौथी, लोकअदालतीतील तडजोडीवर अपील नाही. म्हणून तिथेही समजून सही करावी.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ही दया नव्हे, हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो.

हक्क सोडायचा की नाही, हे त्या बहिणीने ठरवावे. कोणी राजीखुशीने सोडलाच तर त्याला आपली हरकत नाही. आपले काम एवढेच की, काय सोडते आहे हे सहीपूर्वी तिला ठाऊक असावे. जयंतीच्या सभेत बाबासाहेबांच्या राजीनाम्यावर आपण भाषणे करतो आणि घरी बहिणीपुढे कोरा कागद सरकवतो. ही विसंगती आधी आपल्याच घरातून गेली पाहिजे.