स्पर्धेतून युद्ध कसे पेटते? १९१४ च्या उन्हाळ्याचा धडा

जून १९१४ च्या अखेरीस जर्मनीतील कील बंदरात नौकाशर्यतींचा वार्षिक उत्सव रंगला होता. ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौका पाहुण्या म्हणून तेथे आल्या होत्या आणि दोन्ही देशांचे अधिकारी एकमेकांच्या मेजवान्यांना हजेरी लावत होते. २८ जून रोजी कैसर विल्हेल्म शिडाच्या नौकेवर असताना साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाल्याची वार्ता आली. त्यानंतर ३७ दिवसांनी, ४ ऑगस्ट रोजी, यजमान आणि पाहुणे एकमेकांचे शत्रू झाले.

उदयोन्मुख सत्ता आणि प्रस्थापित सत्ता यांच्यात संघर्ष अटळ असतो, असे अनेकदा सांगितले जाते. अथेन्सचे वाढते बळ आणि त्यामुळे स्पार्टाला वाटलेली भीती हे युद्धाचे मूळ कारण होते, असे ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने नोंदवले आहे. अमेरिकी अभ्यासक ग्रॅहम ॲलिसन यांनी २०१७ मधील आपल्या ग्रंथात गेल्या ५०० वर्षांतील अशा १६ चढाओढी तपासल्या; त्यांपैकी १२ युद्धात संपल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मात्र उरलेल्या ४ युद्धाविना मिटल्या, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. म्हणजे वैर ही केवळ पार्श्वभूमी असते. ठिणगी कोठे पडते आणि ती विझवायला अवधी उरतो की नाही, यावर पुढचे सारे ठरते.

संशयाची पेरणी

१८९८ आणि १९०० च्या नौदल कायद्यांनी जर्मनीने मोठे आरमार उभारण्यास प्रारंभ केला. ब्रिटनने १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका समुद्रात उतरवली आणि आधीच्या साऱ्या युद्धनौका एका दिवसात जुनाट ठरल्या. पुढील काही वर्षे दोन्ही देश जहाजांमागून जहाजे बांधत राहिले. या धास्तीनेही ब्रिटनला जुन्या प्रतिस्पर्ध्यांकडे ढकलले. १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी त्याने समझोते केले. ब्रिटनच्या दृष्टीने ही सावधगिरी होती. बर्लिनला मात्र तो आपल्याभोवती आवळला जाणारा फास वाटला. एकाने सुरक्षिततेसाठी उचललेले पाऊल दुसऱ्याला आक्रमणाची तयारी भासावे, हे सत्तास्पर्धेचे सर्वांत धोकादायक लक्षण होय.

विशेष म्हणजे १९१४ पर्यंत आरमाराची शर्यत ब्रिटनने जवळजवळ जिंकली होती. जर्मनीचा पैसा पुन्हा भूदलाकडे वळला होता, आणि बगदाद रेल्वेच्या जुन्या वादावरही त्याच जूनमध्ये तडजोड होत आली होती. दोन्ही देश एकमेकांचे मोठे ग्राहक होते. राजघराणी तर नात्यातली होती: कैसर हा राणी व्हिक्टोरियाचा नातू आणि राजा पंचम जॉर्ज याचा आतेभाऊ. व्यापार आणि नाती युद्ध रोखतात, हा भाबडा विश्वास त्या उन्हाळ्यात कोसळला.

आज नाही तर कधीच नाही

मग युद्ध का झाले? पहिले कारण काळाच्या भीतीचे. रशियाची सैन्यवृद्धी आणि लोहमार्गांचे जाळे १९१७ च्या सुमारास पूर्ण होईल आणि त्यानंतर आपला निभाव लागणार नाही, अशी जर्मन सेनाधिकाऱ्यांची धारणा होती. युद्ध व्हायचेच असेल, तर ते उद्यापेक्षा आज बरे, या विचाराने ५ जुलै रोजी बर्लिनने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला.

दुसरे कारण वेळापत्रकाचे. २३ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली. सर्बियाच्या पाठीशी रशिया, रशियाच्या पाठीशी फ्रान्स. जर्मनीची युद्धयोजना अशी होती की, रशियाची संथ जमवाजमव पूर्ण होण्याआधी सुमारे सहा आठवड्यांत बेल्जियममार्गे फ्रान्सला नमवायचे. त्यामुळे ३० जुलैला रशियाने सर्व सैन्य गोळा करण्याचा आदेश देताच बर्लिनमध्ये प्रत्येक तास मोलाचा झाला. १ ऑगस्ट रोजी, फ्रान्स तटस्थ राहील अशी आशा वाटून, कैसरने सैन्य केवळ पूर्वेकडे वळवण्याची सूचना केली, तेव्हा ते अशक्य असल्याचे सेनाप्रमुख मोल्टके याने सांगितले. सम्राटाचा शब्द आगगाड्यांच्या वेळापत्रकापुढे हरला. ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध पुकारले गेले. दुसऱ्या दिवशी जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि १८३९ च्या तटस्थता कराराचा हवाला देत ब्रिटन रणात उतरला.

आखातातील मराठा पलटणी

या निर्णयांत भारताला कोणी विचारले नव्हते, तरी त्याची किंमत भारतानेही मोजली. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनच्या तुकड्या पर्शियन आखाताच्या टोकाशी, फाओ येथे उतरल्या. अबादानचे तेल आणि तो जलमार्ग राखणे हा त्यामागचा एक हेतू होता. हीच डिव्हिजन पुढे कुत येथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीला येऊन शरण गेली. तिच्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. साराजेव्होचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, अशा घरांतील माणसे तैग्रिसच्या काठी कैदेत पडली.

युद्ध टळते तेव्हा

याउलट, १८९५ मध्ये व्हेनेझुएलाच्या सीमेवरून ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्धाची भाषा झाली, तेव्हा ब्रिटनने लवाद स्वीकारला. उगवत्या सत्तेला काही जागा करून देणे युद्धापेक्षा स्वस्त आहे, हा हिशेब त्यामागे होता. १९६२ मध्ये क्युबाच्या प्रश्नावर केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांनी विचाराला १३ दिवस मिळवले आणि दोघांनाही माघार घेता येईल अशी वाट शोधली. पुढील वर्षी मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संपर्काची व्यवस्था उभी राहिली.

आज अमेरिका आणि चीन यांच्या बातम्या वाचताना कोणाची जहाजे किती, एवढेच मोजणे पुरेसे नाही. संकटाच्या घडीला दोन्ही राजधान्यांत फोन उचलला जातो का, तिसऱ्या देशाला कोणी कोरा धनादेश दिला आहे का आणि ‘थांबलो तर हरलो’ ही भाषा कोठे बळावते आहे, हे पाहायला हवे. १९१४ मध्ये यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा आले आणि उरलेल्या दोहोंचे उत्तर ‘होय’ असे होते.