विषाणूची पळवाट आणि तिची किंमत

रोज सकाळी पाठ आखडते म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलेल्यांना ‘एचएलए बी २७’ ही रक्ततपासणी ठाऊक असते. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाआधी दाता आणि रुग्ण यांचं जुळतं का, हे पाहतात तेही एचएलएच. एचएलएच्या याच जनुकांवर आणखी एक गोष्ट बऱ्याच अंशी अवलंबून असते: औषधाविना एचआयव्ही शरीरात किती वेगाने फोफावेल आणि प्रतिकारशक्तीला चकवायला कोणती पळवाट काढेल. या पळवाटांभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : प्रतिकारशक्ती एक तर दणकट असते, नाहीतर कमकुवत.

वस्तुस्थिती : खरा फरक जोराचा नाही, पकडीच्या जागेचा आहे. पेशीच्या आत विषाणूची प्रथिनं बनू लागली की त्यांचे आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए जनुकांपासून बनलेल्या प्रथिनांच्या खोबणीत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. मारक टी-पेशी ते तपासतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशी संपवतात. खोबणीचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने एकाच विषाणूचा एक तुकडा तुमच्या शरीरात दिसेल, दुसरा माझ्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात औषधाविना विषाणू ताब्यात ठेवणारे ९७४ जण आणि ज्यांचा आजार बळावत गेला असे २६४८ जण यांची जनुकं ताडून पाहिली. ठळक फरकाच्या ३०० हून अधिक जागा सापडल्या. त्या सगळ्या सहाव्या गुणसूत्रावर, एचएलएच्याच परिसरात होत्या.

गैरसमज : विषाणू हुशार आहे, तो ठरवून रूप बदलतो.

वस्तुस्थिती : तो ठरवत काहीच नाही, फक्त चुका करतो. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर जेमतेम साडेनऊ हजार अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं विकर चुका तपासत नाही. उपचार न घेतलेल्या माणसात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. त्यातल्या एखाद्याची चूक नेमकी टी-पेशींच्या नजरेतल्या तुकड्यात पडते. तो निसटतो, बाकीचे मारले जातात आणि काही काळाने रक्तात त्याचीच प्रजा उरते.

गैरसमज : पळवाट फुकट मिळते.

वस्तुस्थिती : काही पळवाटा विषाणूला फार महाग पडतात. ‘बी ५७’ हा एचएलएचा प्रकार असलेल्यांच्या टी-पेशी विषाणूच्या आतल्या कवचातल्या दहा अमिनो आम्लांच्या एका तुकड्यावर नेम धरतात. तिथे २४२ व्या जागी थ्रिओनिनऐवजी अ‍ॅस्परॅजिन आलं की विषाणू सुटतो, पण त्याची वाढ मंदावते. हाच विषाणू ‘बी ५७’ नसलेल्या माणसात शिरला की हळूहळू मूळ रूपावर येतो, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. पाठीमागे कोणी लागलेलं नसताना लंगडत कशाला चालायचं?

‘बी २७’ ची पकड आणखी अडचणीची. त्याच आतल्या कवचात २६४ व्या जागी बदल झाल्यावर तुकडा खोबणीत बसेनासा होतो, पण विषाणूचं कवचही डळमळतं. ते सावरायला १७३ व्या जागी आणखी एक बदल लागतो. दोन्ही चुका जुळून यायला बऱ्याचदा वर्षं जातात. तेवढी वर्षं रुग्णाच्या पदरात पडतात.

गैरसमज : चांगलं जनुक कायम चांगलंच.

वस्तुस्थिती : विषाणू कोणाकडून आला, हेही पाहावं लागतं. जपानमध्ये ‘बी ५१’ हा प्रकार जवळपास पाचांत एकाकडे आढळतो. दूषित रक्तघटकांतून १९८० च्या दशकात बाधित झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना त्याने हात दिला होता. पुढे त्याला चकवणारा बदल तिथल्या विषाणूंमध्ये इतका पसरला, की ‘बी ५१’ नसलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक लोकांत तो आढळू लागला. त्या बदलाची विषाणूला फारशी किंमत मोजावी लागत नसावी. नव्याने बाधित झालेल्यांना ‘बी ५१’ चा पूर्वीसारखा आधार उरला नाही. आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गातही हेच घडू शकतं. बाळाची निम्मी एचएलए जनुकं आईची असतात आणि विषाणू ती ओळखूनच आलेला असतो.

गैरसमज : ‘बी ५७’ असेल तर एचआयव्ही होतच नाही.

वस्तुस्थिती : एचएलएचं काम विषाणू पेशीत शिरल्यानंतर सुरू होतं, ते दार अडवत नाही. दार अडवणारा जनुकीय बदल वेगळा, ‘सीसीआर ५’ मधला. तो आईवडील दोघांकडूनही यावा लागतो आणि मुख्यतः युरोपीय वंशाच्या मोजक्या लोकांत आढळतो. ‘बी ५७’ असलेल्या अनेकांचा आजारही बळावतोच.

गैरसमज : टी-पेशींना चकवणारा विषाणू औषधांनाही जुमानत नाही.

वस्तुस्थिती : या दोन वेगळ्या पळवाटा आहेत. बहुतेक औषधं विषाणूच्या विकरांवर थेट घाव घालतात, त्यांना एचएलएच्या खोबणीची गरज नसते. भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात आणि २०१७ पासून सीडी४ या प्रतिकारपेशींची संख्या कितीही असली तरी उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. चांगल्या जनुकाच्या भरवशावर गोळ्या टाळणं धोक्याचंच.

एका औषधासाठी मात्र एचएलए तपासणी महत्त्वाची आहे. ‘बी ५७’ चाच ‘बी ५७:०१’ हा उपप्रकार असलेल्यांना अबाकाव्हिरची जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते. २००८ च्या मोठ्या चाचणीत आधी रक्त तपासून अशा लोकांना हे औषध दिलंच नाही, तेव्हा त्वचाचाचणीने सिद्ध झालेली एकही अ‍ॅलर्जी आढळली नाही. विषाणूला जेरीस आणणारी खोबणीच इथे औषधामुळे शरीरावर उलटते. म्हणून एखादं जनुक चांगलं की वाईट, याचं उत्तर त्याच्यासमोर काय आलं आहे ते पाहूनच द्यावं लागतं.