न विकलेल्या बैलाचा हिशेब

आमच्या नौपाड्यात पगारदार मंडळी पुष्कळ. त्यांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ नावाची एक किरकोळ वजावट असते. ती कशासाठी, हे फारसे कोणी विचारत नाही. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुरीला हातभार लावायचा आणि सरकारने तेवढीच भर घालायची, अशी ती मांडणी.

1972 चा दुष्काळ म्हटला की खडी आणि सुकडी आठवते. त्याच दुष्काळाच्या कामांतून, वि. स. पागे यांच्या आग्रहामुळे, ‘मागेल त्याला काम’ हा हक्क आकाराला आला. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला, 1979 पासून तो लागू झाला. तलाव किती झाले, रस्ते किती झाले, यावर पुढे बरेच लिहिले गेले. मला सांगायचे आहे ते निराळे.

ऐंशीच्या दशकात मी माणदेशातल्या एका बँकशाखेत सोनेतारणाचे काम पाहत असे. पावसाने ओढ दिली की घर मोडण्याचा क्रम ठरलेला. आधी शेळ्या-कोंबड्या, मग तांब्या-पितळेची भांडी, मग डोरले, मग बैल. जमीन सर्वांत शेवटी. सगळे एकदमच विकायला निघतात, म्हणून बैल मातीमोलाने जातो. पाऊस पडला की सगळ्यांनाच तो हवा असतो, म्हणून भाव चढतो. बैल नाही तर पेरणी लांबते, पेरणी लांबली की पीक हातचे जाते. एका सालाचा दुष्काळ घराला तीन-चार साले पुरतो.

एक बाई डोरले घेऊन आली होती. शिवारात पाझर तलावाचे काम निघाल्याचे तिला रांगेतच कळले. डोरले पदराच्या गाठीला मारून ती परत गेली. बँकेच्या वहीत त्या दिवशी तिच्या नावाची नोंद नाही. योजनेचे खरे यश अशा न झालेल्या नोंदींत असते, आणि म्हणूनच ते कोणत्याही अहवालात दिसत नाही.

पण या यशाला एक अट आहे. मजुरी वेळेवर हवी. 2005 च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांची मुदत घातली, तरी ती किती वेळा टळली हे गावोगावच्या मजुरांना ठाऊक आहे. दोन महिन्यांनी आलेल्या मजुरीला खर्चाच्या रकान्यात जागा मिळते. पण मधल्या आठवडी बाजारात बैल विकला गेलेला असतो, आणि तेवढ्या पैशात तो परत येत नाही.