पोफळीच्या वाडीत शेजाऱ्यांची खातेवही

ढाक्याच्या आसपास शिवलेला शर्ट भारतात यायचा तो बेनापोल-पेट्रापोलच्या नाक्यावरून, ट्रकनं. १७ मे २०२५ रोजी ही वाट बंद झाली. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आदेशानं बांगलादेशच्या तयार कपड्यांना जमिनीवरचे सगळे नाके बंद झाले आणि दोनच बंदरं उघडी राहिली: कोलकाता आणि उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा. २७ जूनला तागाच्या वस्तूंची आणि काही कापडांची पाळी आली. त्यांना कोलकात्याचीही मुभा उरली नाही, फक्त न्हावा-शेवा. बंगालच्या उपसागराच्या टोकाला पिकलेला ताग भारतात यायचा, तर त्यानं श्रीलंकेला वळसा घालून रायगडच्या किनाऱ्याला लागायचं.

या आदेशामागं शेजाऱ्यांमधली कुरबुर होती. बांगलादेशानं एप्रिलमध्ये भारतीय सुताची खुष्कीची आयात थांबवली होती. भारतानंही त्याच महिन्यात बांगलादेशी मालाला आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून पुढं तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली सवलत काढून घेतली होती. खरं तर या दोघांच्या व्यापारात भारताचं पारडं चांगलंच जड आहे. २०२३-२४ मध्ये भारतानं बांगलादेशाला ११ अब्ज डॉलरहून अधिक माल विकला आणि तिकडून दोन अब्जांहूनही कमी घेतला. चीनशी गणित नेमकं उलटं. २०२४-२५ मध्ये त्या एका देशाशी भारताची तूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात गेली.

असे आकडे दिल्लीत जाहीर होतात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येतात. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र ते सुपारीचा, कांद्याचा आणि माशांचा भाव होऊन उतरतात.

देशावर, परदेशावर अवलंबून असणं या किनाऱ्याला नवं नाही. कुंडलिकेच्या मुखाजवळचं चौल पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात ‘सेमुल्ला’ म्हणून येतं. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल मसूदी इथं येऊन गेला, त्याच्या लिखाणात ते ‘सैमूर’ आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला, विकायला आणलेला घोडा बरोबर घेऊन. दख्खनच्या सुलतानांना समुद्रापलीकडचे घोडे हवे होते आणि इथून कापड, मसाले बाहेर जात होते. १५२१ पासून पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंदी घातली, १७४० मध्ये ते ठाणं मराठ्यांकडे आलं. पुढं मुंबई वाढली आणि चौलचा व्यापार ओसरला. आज तिथं नारळी-पोफळीच्या वाड्यांत पडक्या भिंती सापडतात. त्या जुन्या व्यापारातली एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. चौलहून जाणारं बरंचसं कापड चौलच्याच परिसरात विणलं जाई. बंदर आणि माग शेजारी-शेजारी होते.

न्हावा-शेवाचं तसं नाही. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरानं २०२४-२५ मध्ये, वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानं, सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. पण त्यांतला माल नाशिकचा, पुण्याचा, गुजरातचा, पंजाबचा. ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हा परिसर उभा राहिला, त्यांच्या वाट्याला आधी लढा आला. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जासईच्या बाजूला झालेल्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या झगड्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. भूखंड मिळाले, काहींना बंदरात आणि गोदामांत नोकऱ्या मिळाल्या. पण आपला माल बाहेर पाठवणारा जिल्हा अशी रायगडची ओळख त्यातून झाली नाही.

श्रीवर्धनला गेलं की हे जास्त टोचतं. तिथली रोठा सुपारी नावाजलेली. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र गावातच आहे आणि ‘श्रीवर्धिनी’ ही सुधारित जात तिथूनच आलेली. पोफळीला पहिलं फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. मग घोस उतरवायचे, असोली सुपारी खळ्यात महिना-दीड महिना उन्हात वाळवायची, सोलायची, निवडायची. घरातल्या बायकांचे हात या कामात दिवसचे दिवस गुंतलेले असतात.

आता या खळ्यात शेजारी देश कसा येतो ते पाहण्यासारखं आहे. भारत आणि श्रीलंका यांनी २८ डिसेंबर १९९८ रोजी मुक्त व्यापार करार केला आणि १ मार्च २००० पासून तो लागू झाला. एरवी सुपारीवर १०० टक्के आयात शुल्क, श्रीलंकेच्या सुपारीला मात्र करारामुळे सूट. साहजिकच इंडोनेशियासारख्या देशांची सुपारीही श्रीलंकेची म्हणून येऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. न्हावा-शेवात दुसऱ्याच मालाच्या नावाखाली दडवलेली सुपारी सीमाशुल्क खात्यानं वेळोवेळी पकडली आहे. सरकारनं किमान आयात किंमत किलोला २५१ रुपये केली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ती ३५१ वर नेली. त्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, भूतानला वर्षाला १७,००० टन हिरव्या सुपारीसाठी त्या अटीतून मोकळीक दिली होती. डोंगराळ, चिमुकल्या शेजाऱ्याला हात देणं गैर नाही. पण श्रीलंकेशी व्यापारात भारताची बाजू कित्येक वर्षं वरचढ आहे, आणि तरीही त्या कराराचा एक हप्ता श्रीवर्धन-मुरूडचा वाडीवाला भरतो. देशाच्या खात्यात शिल्लक आणि वाडीच्या खात्यात तूट, अशी ही नोंद. कारखान्याची यंत्रं कोलंबोला विकून आलेला नफा वाडीपर्यंत पोचवणारी कुठलीही वाट या करारात नाही.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची कथा वेगळी, पण दुखणं तेच. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतलेला, चवीला गोडसर, पातींची वेणी घालून माळेनं विकला जाणारा हा कांदा. कार्ले, खंडाळे, वाडगाव, नेहुली ही त्याची गावं. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ८ डिसेंबर २०२३ रोजी देशभर कांदा निर्यातबंदी लागली. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा मोठा गिऱ्हाईक, त्याच्यासाठी पुढं सरकारी पातळीवर ठराविक टन मोकळे झाले. एप्रिल २०२४ च्या शेवटी २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी निघाली. बंदरं ठरली मुंद्रा, पिपावाव आणि न्हावा-शेवा. दाखला मात्र गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा हवा होता. म्हणजे रायगडच्या बंदरातून पांढरा कांदा जाणार, आणि तो रायगडचा नसणार. अलिबागचा कांदा थोडका, त्यातला बहुतेक मुंबई आणि पर्यटकच संपवतात, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान मोठं झालं नसेल. पण मानांकन मिळालेल्या पिकाची त्या आदेशात कुणाला आठवणही होऊ नये, हे खुपणारं आहे.

मासळीनं मात्र बाहेरची वाट शोधली आहे. करंजा, रेवस, अलिबाग, मुरूड, जीवना या बंदरांना लागणाऱ्या बोटींमधली बला, माकूल, कोळंबी बर्फात घालून तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत जाते. तिथल्या प्रक्रिया कारखान्यांत निवडून, गोठवून ती थेट न्हावा-शेवाला. बला हा पट्ट्यासारखा चंदेरी मासा, घराघरांत लहान असताना वाकटी म्हणून सुकवला जाणारा. निर्यातीत त्याचा मोठा गिऱ्हाईक चीन. ज्या देशाशी भारताची सगळ्यांत मोठी तूट, तोच भारतीय मासळीचा अमेरिकेखालोखालचा खरेदीदार आहे. कोविडच्या काळात वेष्टनावर विषाणूचे अंश सापडल्याचं सांगून चीननं काही भारतीय कारखान्यांचा माल थांबवला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि कोळंबीचा धंदा हादरला. अशा वेळी जवळचे, एकाहून जास्त बाजार हाताशी असणं किती मोलाचं, हे तळोज्यात कोळंबी सोलणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. काम कमी झालं की तिचा रोज बुडतो.

पेणच्या गणपतींचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं. पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेतच्या कारखान्यांतून मूर्ती गणेशोत्सवाच्या कितीतरी आधी पेट्यांत बसून परदेशी निघतात. अमेरिका आणि मॉरिशसच्या मराठी घरांना पेणचीच मूर्ती हवी असते. इथं गावानं आपलं नाव जपलं, गिऱ्हाईक बांधलं, बोटीचं वेळापत्रक ओळखलं. सुपारीला हे अजून जमलेलं नाही. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी प्रत्येक जिल्हा निर्यातीचं केंद्र करण्याची घोषणा केली. त्या घोषणेला श्रीवर्धनपुरता अर्थ यायचा, तर प्रतवारीची सोय, पावसातही चालणारी वाळवणी आणि मूळ देशाच्या दाखल्यांची कडक तपासणी, एवढ्या तीन गोष्टींपासून सुरुवात करता येईल. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि ती न्हावा-शेवातच व्हायची आहे. जून २०२५ मध्ये दुबईमार्गे आलेला पाकिस्तानी माल, ३९ कंटेनर आणि १,११५ टन, महसूल गुप्तचर संचालनालयानं पकडला. मनावर घेतलं तर मूळ शोधता येतं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या वाड्या आडव्या केल्या. वाडवडिलांनी लावलेल्या पोफळी एका दुपारी मोडल्या. पाऊस सरल्यावर वाडीवाल्यांनी खोडं ओढून काढली, विऱ्या आणि झावळ्या गोळा केल्या, त्याच जागी नवी रोपं लावली आणि पुन्हा शिंपणं सुरू केलं. ती रोपं आता पोय फुटायच्या वयाला आली आहेत. त्यांची पहिली सुपारी खळ्यात वाळत पडेल, तेव्हा भाव विचारायला वाडीवाला व्यापाऱ्याला फोन करील, आणि न्हावा-शेवात त्या आठवड्यात श्रीलंकेच्या दाखल्यावर किती पोती उतरली, त्यावर समोरून येणारा आकडा ठरेल.