पित्त नव्हे, आम्ल! : जठराचे काम कसे चालते?

‘डॉक्टर, पित्त फार झालंय,’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझ्या दवाखान्यातला एकही दिवस सरत नाही. मध्यंतरी साठीचे एक शेतकरी हीच तक्रार घेऊन आले. गुडघेदुखीसाठी तीन महिने ते दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून घेत होते. जळजळ झाली की खायचा सोडा पाण्यात टाकून पीत. ‘शौचाला काळी होते का?’ असे विचारले, तेव्हा म्हणाले, ‘आठ दिवस झाले, डांबरासारखी होतेय. पण त्यात काय सांगायचं?’ त्यांना मी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. जठरात व्रण होऊन आत रक्त झिरपत होते. वेळेवर उपचार झाले, आता ते बरे आहेत. परंतु हे घडले कसे, हे समजण्यासाठी जठराचे काम समजून घ्यायला हवे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खरे पित्त यकृतात तयार होते आणि लहान आतड्यात उतरते. आपण ज्याला ‘पित्त’ म्हणतो, ते बहुतेक वेळा जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल असते.

रिकामे जठर जेमतेम मुठीएवढे असते. आपण जेवू लागलो की त्याचा वरचा भाग सैल पडतो आणि लिटर-दीड लिटर अन्न सामावून घेतो. खालच्या भागात मिनिटाला सुमारे तीन लाटा उठतात. या लाटा अन्न घुसळतात आणि खालच्या तोंडाशी असलेल्या झडपेकडे ढकलतात. ही झडप म्हणजे जणू चाळणीच. एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच सहसा पुढे जातात. बाकीचे पुन्हा घुसळायला मागे येतात. म्हणून पाणी लवकर पुढे सरकते, भाजी-भाकरीला तीन-चार तास लागतात आणि तळलेले, तुपकट जेवण त्याहून अधिक काळ रेंगाळते. जठर रिकामे झाल्यावरही दर दीड-दोन तासांनी जोरदार लाटा येऊन उरलेसुरले झाडून नेतात. पोटात कावळे ओरडतात, त्यातले बरेचसे ओरडणे या झाडलोटीचे असते!

आता पाचक रसाविषयी. जठरात दिवसाकाठी सुमारे दोन लिटर रस पाझरतो. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटते, तसेच जठरातही रस सुटू लागतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवले. पचनावरील संशोधनासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूचा हा निरोप व्हेगस नावाची नस पोहोचवते. अन्न पोटात पडले की जठर ताणले जाते, प्रथिनांचा स्पर्श होतो आणि गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात उतरून आम्ल वाढवते. मग लगाम कोण घालतो? आम्ल पुरेसे झाले की गॅस्ट्रिन आपोआप कमी होते. आम्ल किंवा चरबी लहान आतड्यात पोहोचली की आतडेही ‘जरा दमाने’ असा निरोप जठराला पाठवते.

एवढे तीव्र आम्ल जठरालाच कसे जाळत नाही? कारण आतून बुळबुळीत, क्षारयुक्त थराचे अस्तर असते. हे अस्तर टिकवणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य वेदनाशामक गोळ्या कमी करतात. हा परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे गोळी जेवणानंतर घेतली किंवा इंजेक्शन घेतले तरी धोका पूर्ण टळत नाही. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातील वॉरेन आणि मार्शल यांनी 1982 मध्ये तो वाढवून दाखवला; 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या जंतूवर प्रतिजैविकांचा उपचार आहे. म्हणजेच प्रत्येक व्रणाचे खापर तिखटावर फोडणे बरोबर नाही.

सोड्याने आम्ल क्षणभर शमते, पण वायू होतो आणि त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला बाधते. दुधानेही तात्पुरते बरे वाटते; नंतर त्यातली प्रथिने व कॅल्शियम आम्ल वाढवतात. त्यापेक्षा बेताचे जेवावे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नये आणि तंबाखू सोडावी. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मात्र हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, गिळताना अडकणे, कारण नसता वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निर्णय डॉक्टरांवर सोडा. छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटला किंवा दम लागला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तडक रुग्णालय गाठा.

आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर शौचाचा रंग सांगायला लाजू नका. त्या शेतकरीदादांचा जीव त्या एका उत्तराने वाचला.